कार्टेशियन म्हणजे कोण रे भाऊ?

ग्राफिक्सच्या पहिल्या प्रॅक्टिकलला सर फळ्यावर एक आडवी आणि एक उभी रेघ मारतात आणि सांगतात की ही कार्टेशियन सिस्टिम. आपण जर्नलमध्ये उतरवून घेतो, ओरलला विचारलं तर धडाधड सांगतो. पण कार्टेशियन म्हणजे नेमकं काय, असं मी आमच्या मजल्यावर सहज विचारलं तेव्हा एकाला ती कंपनी वाटली, दुसऱ्याला त्याचं कार्टूनशी काही नातं असेल असं वाटलं, आणि तिसरा म्हणाला की सिलॅबसमध्ये नाही, सोड. हा लेख त्या तिसऱ्यासाठी.

कार्टेशियन हा शब्द एका माणसाच्या नावावरून आला आहे. रेने देकार्त, राहणार फ्रान्स. त्या काळी विद्वान मंडळी आपलं नाव लॅटिनमध्येही लिहीत. देकार्तचं लॅटिन रूप कार्टेसियस, म्हणून कार्टेशियन. तत्त्वज्ञानवाले त्याला आपला मानतात, गणितवाले आपला. मला मात्र तो आपल्या लॅबमधला वाटतो. का, ते सांगण्यासाठी आधी एक झोपडी काढावी लागेल.

झोपडी आणि छत्तीस आकडे

नवीन मुलांचा पहिला प्रोग्राम बहुधा झोपडीचाच असतो. भिंतीच्या चार रेषा, छपराच्या दोन, दाराच्या तीन. एकूण नऊ. प्रत्येक रेषेला दोन टोकांचे मिळून चार आकडे लागतात, म्हणजे छत्तीस आकडे झाले. मुलं ग्राफ पेपरवर बघून ते भरतात, स्क्रीनवर झोपडी येते, सगळे खूश. मग मॅडम येतात आणि म्हणतात, छान, आता हीच झोपडी शंभर पिक्सेल उजवीकडे सरकवा. झालं! छत्तीसपैकी अठरा आकडे बदला. एक जरी राहिला की दार भिंतीच्या बाहेर. त्यानंतर मॅडम पाच झोपड्यांचं गाव मागतात, लांबच्या लहान आणि जवळच्या मोठ्या. इथे अर्धा वर्ग कॉपी-पेस्ट करतो आणि उरलेला अर्धा वर्ग त्या अर्ध्यांची फाईल मागतो.

खरं तर गरज असते एकाच मेथडची. (सी वाले तिला फंक्शन म्हणतात, जावावाले मेथड. भांडू नका.) तिला नाव द्यायचं झोपडी, आणि कंसात तीन जागा ठेवायच्या: एक्स, वाय, एस. पहिल्या दोन म्हणजे भिंतीचा डावा खालचा कोपरा, तिसरी म्हणजे भिंतीची रुंदी. आत आकडे जवळजवळ नाहीतच. उजवा कोपरा एक्स अधिक एस, वरची कड वाय वजा एस, असं सगळं त्या तीन अक्षरांत लिहायचं. वजा का, तर स्क्रीनवर वाय खाली जाताना वाढतो. एकदा हे लिहिलं की पाच झोपड्यांना पाच ओळी पुरतात. या तीन अक्षरांना आपण पॅरामीटर म्हणतो.

आकड्याच्या जागी अक्षर ठेवून काम एकदाच करायचं, ही युक्ती कॉम्प्युटरपेक्षा कितीतरी जुनी आहे. ती आज आपण ज्या रूपात वापरतो, त्या रूपावर देकार्तचा हात फिरलेला आहे.

उशिरा उठणारा विद्यार्थी

देकार्तचा जन्म ३१ मार्च १५९६ चा, फ्रान्सच्या तुरेन प्रांतातल्या ला हे नावाच्या छोट्या गावातला. आज त्या गावाचं नावच देकार्त आहे. वडील प्रांतिक न्यायालयात अधिकारी. रेने वर्षाचा होतो न होतो तोच आई गेली, आणि तो आजीजवळ वाढला. पोरगं नाजूक, सारखं खोकणारं. दहा-अकरा वर्षांचा असताना त्याला ला फ्लेश इथल्या जेझुइट पाद्र्यांच्या निवासी शाळेत घातलं. म्हणजे चक्क होस्टेल, आणि तेही साधारण आठ वर्षं.

आता होस्टेलवाल्यांनी कान टवकारावेत अशी गोष्ट. तब्येतीमुळे त्याला सकाळी उशिरापर्यंत अंथरुणात पडून राहायची परवानगी होती! बाकीची पोरं पहाटे उठून प्रार्थनेला जायची आणि हा पांघरुणात विचार करत पडायचा. ही सवय त्याला आयुष्यभर राहिली. आपल्या रेक्टर सरांना हे दाखवायला हरकत नाही, पण पुढचा भाग मग वाचू देऊ नका, कारण शेवट वाईट आहे.

शाळेत तो हुशार होता, तरी एक गोष्ट त्याला खात राहिली. प्रत्येक विषयात थोर माणसं एकमेकांच्या विरुद्ध सांगतात, मग खरं कसं ओळखायचं? फक्त गणितात असं होत नाही, कारण तिथे प्रत्येक पायरी तपासता येते. १६१६ मध्ये त्याने प्वातिए इथून कायद्याची पदवी घेतली, पण वकिली केली नाही. (डिग्री एकात आणि नोकरी दुसऱ्यात, हे तेव्हाही होतं.) तो सैन्यात गेला. १६१८ मध्ये हॉलंडमधल्या ब्रेडा इथे असताना त्याला इझाक बेकमान हा आठेक वर्षांनी मोठा डच माणूस भेटला. त्याने देकार्तला गणित लावून भौतिकशास्त्राचे प्रश्न सोडवायची गोडी लावली. प्रत्येक बॅचला असा एखादा सीनिअर भेटतोच, जो अभ्यासक्रमाबाहेरचा एक प्रश्न देतो आणि माणूस बदलून टाकतो.

पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १६१९ मध्ये, दक्षिण जर्मनीत थंडीमुळे शेकोटीच्या खोलीत अडकून पडलेला असताना त्याला एका रात्रीत तीन स्वप्नं पडली. सगळ्या ज्ञानाला एकच रीत लावता येईल, आणि ती शोधणं हे आपलं काम, असा अर्थ त्याने त्यातून काढला. वय वर्षं तेवीस. आपल्यातले बरेचजण त्या वयात प्लेसमेंटच्या काळजीत असतात.

कपाटात ठेवलेलं पुस्तक

१६२८ च्या शेवटी तो हॉलंडला राहायला गेला आणि पुढची वीस वर्षं बहुतेक तिथेच राहिला. गर्दी नको, ओळखी नकोत, म्हणून घरं बदलत राहिला. अॅमस्टरडॅममध्ये असताना खाटकाकडून जनावरांचे अवयव आणून कापून बघायचा. चार वर्षं खपून त्याने विश्वाच्या रचनेवर एक ग्रंथ तयार केला. त्यात पृथ्वी सूर्याभोवती फिरत होती. छापायला द्यायची वेळ आली आणि १६३३ मध्ये बातमी आली की रोममध्ये गॅलिलिओला याच मतासाठी दोषी ठरवलंय. देकार्तने पुस्तक मागे ठेवलं. ते छापलं गेलं १६६४ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर.

याला भित्रेपणा म्हणायचं की शहाणपण, यावर आमच्या रूमवर रात्री दोनपर्यंत वाद झाला. माझं मत असं, की त्याने पुस्तक थांबवलं पण काम थांबवलं नाही. चार वर्षांनी, १६३७ मध्ये, लायडन शहरात त्याने दुसरं पुस्तक काढलं, स्वतःचं नाव न घालता. त्याचं नावच मुळी मेथडवर आहे: बुद्धी नीट चालवून शास्त्रांत सत्य कसं शोधावं, त्या रीतीविषयीचं विवेचन. विद्वानांच्या लॅटिनऐवजी ते त्याने साध्या फ्रेंचमध्ये लिहिलं, म्हणजे ज्याला लॅटिन येत नाही त्यालाही वाचता यावं.

त्या रीतीचे चार नियम माझ्या शब्दांत सांगतो. स्वच्छ दिसल्याशिवाय काही खरं मानू नका. मोठ्या अडचणीचे सोडवता येतील इतके बारीक तुकडे करा. सोप्या तुकड्यापासून सुरुवात करून अवघडाकडे चढा. आणि शेवटी सगळं मोजून बघा, काही सुटलं तर नाही ना. प्रोग्रामिंगच्या कुठल्याही पुस्तकाचं पहिलं प्रकरण उघडा. याहून वेगळं काही सापडणार नाही. झोपडीचे भिंत, छप्पर, दार असे तीन तुकडे करून प्रत्येकाची छोटी मेथड लिहिणं, हा यातला दुसरा नियम झाला.

क्ष कुठून आला

त्या पुस्तकाला तीन परिशिष्टं होती: प्रकाश, हवामान आणि भूमिती. भूमितीचं परिशिष्ट शंभरेक पानांचं, आणि आपलं सगळं ग्राफिक्स त्यावर उभं आहे.

माहीत असलेल्या आणि नसलेल्या, दोन्ही राशींना अक्षरं द्यायची पद्धत फ्रान्सच्याच व्हिएतने १५९१ मध्ये आणली होती. देकार्तने ती सुटसुटीत केली. दिलेल्या राशींना वर्णमालेच्या सुरुवातीची अक्षरं ए, बी, सी, आणि शोधायच्या राशींना शेवटची एक्स, वाय, झेड. तीच चाल आज जगभर आहे. १८९५ मध्ये राँटजेनला अनोळखी किरण सापडले तेव्हा त्याने त्यांना एक्स म्हटलं, आणि म्हणून मराठीत ते क्ष-किरण झाले. डॉक्टरकडे छातीचा फोटो काढताना आपण देकार्तचंच अक्षर वापरत असतो.

यातले ए, बी, सी नीट बघा. ते माहीत आहेत, पण किती आहेत ते सांगितलेलं नाही. उत्तर त्यांच्याच भाषेत काढायचं, म्हणजे उद्या कोणी कुठलेही आकडे आणले तरी गणित पुन्हा करायला नको. आपल्या मेथडच्या कंसातल्या अक्षरांचं काम हेच. दिलेलं आहे, पण अजून दिलेलं नाही! ज्याला हे एक वाक्य समजलं त्याला पॅरामीटर समजला.

दुसरी गोष्ट त्याने पहिल्याच पानांत केली, ती मला जास्त आवडते. त्याच्या आधी लांबी गुणिले लांबी म्हणजे क्षेत्रफळ, आणि क्षेत्रफळात लांबी मिळवता येत नाही, असा हिशेब होता. देकार्त म्हणाला, कुठलीही एक रेघ एकक म्हणून निवडा. मग समरूप त्रिकोणांनी दोन रेघांचा गुणाकारही एक रेघच निघतो. एकास जसा ए, तसा बी ला गुणाकार. बस. सगळ्या राशी एकाच जातीच्या झाल्या आणि आकृतीवर बेधडक बीजगणित चालवता येऊ लागलं. आपल्याकडे ते एकक म्हणजे पिक्सेल.

एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. छतावर फिरणारी माशी बघून देकार्तला आडवे-उभे अक्ष सुचले, ही गोष्ट मजेदार आहे, पण तिला त्या काळातला कसलाच आधार नाही. फळ्यावरची ती अधिकाची खूण तर त्याच्या पुस्तकात तशी सापडतच नाही. तो प्रत्येक प्रश्नात सोयीची एक रेघ धरून तिच्यावरून अंतरं मोजायचा, दुसरी दिशा काटकोनात असलीच पाहिजे असंही नाही, आणि ऋण बाजूचा विचार नाही. साधारण त्याच काळात फर्मानेही स्वतंत्रपणे अशीच वाट काढली होती. अक्षांची आजची शिस्त पुढच्या लोकांनी आणली.

पण सोयीप्रमाणे सुरुवातीचा बिंदू निवडायची त्याची सवय आपल्याला फार उपयोगी आहे. वर्तुळच घ्या. टर्बो सी मध्ये सर्कलला केंद्र आणि त्रिज्या देतात. जावाच्या ड्रॉओव्हलला वर्तुळाभोवतीच्या चौकटीचा डावा वरचा कोपरा, रुंदी आणि उंची. पायथॉनच्या टर्टलला नुसती त्रिज्या दिली तरी पुरतं, केंद्र कासवाच्या डाव्या हाताला धरलं जातं, आणि तिथे वाय वर जाताना वाढतो. वर्तुळ तेच, पण काय दिलेलं मानायचं याचा करार वेगळा. एकीकडचे आकडे पाठ करून दुसरीकडे टाकले की चित्र भलतीकडेच जातं, आणि मग मशीनला शिव्या बसतात. आकडा पाठ करू नका, कितव्या जागेचा अर्थ काय ते विचारा.

इंद्रधनुष्याची मेथड

हवामानाच्या परिशिष्टात तर त्याने असं काही केलंय की ग्राफिक्सवाल्यांनी उठून उभं राहावं. प्रश्न होता, इंद्रधनुष्य नेहमी त्याच कोनात का दिसतं? पाण्याचा थेंब फार लहान, म्हणून त्याने मोठा गोल काचेचा चंबू पाण्याने भरला आणि उन्हात धरून बघितलं. मग एकच किरण घेतला. तो थेंबाच्या मध्यरेषेपासून अमुक अंतरावर आत शिरतो, वाकतो, मागच्या भिंतीवर परावर्तित होतो, बाहेर येताना पुन्हा वाकतो. बाहेर पडतानाचा कोन किती? हे एका किरणाचं गणित झालं.

आता बदलायचं फक्त एक: मध्यरेषेपासूनचं अंतर. थेंबाची त्रिज्या १०,००० धरून त्याने आधी हजारा-हजाराच्या पायऱ्यांनी कोन काढले आणि तक्ता मांडला. ज्या भागात कोन सगळ्यात मोठा होऊन पुन्हा उतरतो, तिथे शंभरा-शंभराच्या बारीक पायऱ्यांनी पुन्हा गणित केलं. हातानं! तक्त्यात दिसलं की सुमारे ४२ अंशांच्या आसपास किरणांची गर्दी होते, तिथून पुढे किरणच येत नाहीत. म्हणून धनुष्य तिथे. दोनदा परावर्तन धरलं की वरचं फिकट धनुष्य सुमारे ५१ अंशांवर मिळतं.

मित्रहो, एक मेथड, एक पॅरामीटर, एक लूप. किरण एकेक करून सोडायचा आणि तो कुठे जातो ते बघायचं, यालाच आज आपण रे ट्रेसिंग म्हणतो आणि त्यासाठी महागडी ग्राफिक्स कार्डं घेतो. रंग का पडतात हे देकार्तला जमलं नाही, ते पुढे न्यूटनने सोडवलं. पण धनुष्याची जागा त्याने कागदावर आणून दाखवली.

कंपाइल झालं म्हणजे बरोबर नव्हे

आता त्याच्या चुका, कारण त्या लपवल्या तर लेख आरतीसारखा होईल. १६४४ च्या ग्रंथात त्याने टकरीचे सात नियम दिले. त्यातला एक असा, की लहान वस्तू स्थिर असलेल्या मोठ्या वस्तूवर कितीही वेगाने आदळली तरी मोठी हलणार नाही. कॉमन रूममध्ये जा. कॅरमवर सोंगटी स्ट्रायकरवर आपटून बघा. स्ट्रायकर हलतोच. सातांपैकी बहुतेक नियम चुकीचे निघाले, आणि ते हायगेन्सने दुरुस्त केले. रीत सांगणाऱ्याची ही गत, कारण इथे त्याने नियम डोक्यातून काढले, पण चंबू भरून बघितला नाही. आपला प्रोग्राम एरर न देता चालला म्हणजे उत्तर बरोबर असं नसतं. ज्याचं उत्तर आधीच ठाऊक आहे असा एखादा पॅरामीटर देऊन बघावा लागतो.

दुसरी चूक माणसाची. ज्या बेकमानने त्याला दिशा दिली, त्याच्याशी १६३० मध्ये तो भांडला, आणि आपण त्याच्याकडून काहीच शिकलो नाही अशा अर्थाची कडवट पत्रं लिहिली. हे वाचून वाईट वाटतं. सीनिअरचं नाव घेतल्याने आपलं काम लहान होत नाही.

तिसरी, भूमितीच्या पुस्तकात त्याने मुद्दाम बऱ्याच पायऱ्या गाळल्या. वाचणाऱ्याला स्वतः शोधण्याचा आनंद मिळावा, असं त्याचं म्हणणं. वाचकांना घाम फुटला. शेवटी व्हान स्खोतेन या डच प्राध्यापकाने १६४९ मध्ये त्याचं लॅटिन भाषांतर टिपांसह काढलं, आणि पुढे त्याच पुस्तकाच्या वाढवलेल्या आवृत्तीवर तरुण न्यूटन शिकला. कॉमेंट्स लिहिणाऱ्याचं काम किती मोठं असतं, ते बघा.

फ्रान्सीन आणि चार वर्तुळं

देकार्तने लग्न केलं नाही. हेलेना नावाच्या एका डच मोलकरणीपासून त्याला १६३५ मध्ये मुलगी झाली, तिचं नाव फ्रान्सीन. तिला शिक्षणासाठी फ्रान्सला पाठवायचा त्याचा विचार होता. १६४० मध्ये पाच वर्षांची असताना ती तापाने गेली. त्याच वर्षी वडीलही गेले. सगळ्या अडचणींचे तुकडे करून त्या सोडवता येतात असं सांगणाऱ्या माणसासमोर ही अडचण आली, आणि तिला कुठलीच रीत लागू पडत नव्हती. मला तो या जागी सगळ्यात जवळचा वाटतो.

१६४३ पासून त्याचा पत्रव्यवहार सुरू झाला तो बोहेमियाच्या राजकन्या एलिझाबेथशी. वडिलांचं राज्य गेलेलं, कुटुंब हॉलंडच्या आश्रयाला, वय अवघं चोवीस-पंचवीस. पण प्रश्न असे विचारायची की देकार्तची तारांबळ उडायची. मनाला आकार नाही, वजन नाही, मग ते शरीराला हलवतं कसं? याचं समाधानकारक उत्तर तो शेवटपर्यंत देऊ शकला नाही.

त्याच वर्षी त्याने तिला एक जुना प्रश्न घातला: तीन वर्तुळं दिली आहेत, तिघांना स्पर्श करणारं चौथं काढा. तिने तो स्वतःच्या पद्धतीने सोडवला. देकार्तने तिला लिहिलेल्या पत्रांत अक्षरं कशी निवडावीत म्हणजे गणित वाढत नाही, ते समजावलं, आणि एकमेकांना स्पर्श करणाऱ्या चार वर्तुळांमधला सुंदर संबंध मांडला. आजच्या भाषेत तो असा: प्रत्येक वर्तुळासाठी एक भागिले त्रिज्या काढा, बाहेरून वेढणाऱ्या वर्तुळासाठी ती ऋण धरा. मग चौघांच्या बेरजेचा वर्ग हा चौघांच्या वर्गांच्या बेरजेच्या दुप्पट असतो. हा संबंध पुढे विस्मरणात गेला. १९३६ मध्ये फ्रेडरिक सॉडी या रसायनशास्त्रज्ञाने तो पुन्हा शोधला आणि चक्क कवितेत मांडला.

तपासून बघायचं असेल तर ६४० बाय ४८० च्या स्क्रीनवर हे काढा: सर्कल(३२०, २४०, १८०), सर्कल(२३०, २४०, ९०), सर्कल(४१०, २४०, ९०), सर्कल(३२०, १२०, ६०). चारही एकमेकांना बरोबर टेकतील. १८० ला एकक धरलं तर आकडे येतात वजा १, २, २ आणि ३. बेरीज ६, वर्ग ३६. वर्गांची बेरीज १८, दुप्पट ३६. आता उजव्या मोठ्या वर्तुळाच्या आणि वरच्या वर्तुळाच्या मधल्या फटीत सर्कल(४१०, १२०, ३०) टाका. तेही टेकेल. त्या फटीचा आकडा ६ का येतो, ते स्वतः काढा. आणि मग ही आकृती कुठल्याही जागी, कुठल्याही मापाची निघेल अशी मेथड लिहा. झोपडीपेक्षा अवघड नाही.

पहाटे पाचचं लेक्चर

स्वीडनची राणी क्रिस्टिना तेवीस वर्षांची, विद्येची हौशी. तिने देकार्तला शिकवायला बोलावलं. तो कुरकुरतच सप्टेंबर १६४९ मध्ये निघाला. स्टॉकहोमला पोहोचल्यावर काही महिने तसेच गेले, आणि जानेवारी १६५० मध्ये राणीने शिकवणीची वेळ कळवली: पहाटे पाच! सगळं आयुष्य उशिरा उठलेला माणूस, वय त्रेपन्न, हाडं गोठवणारी थंडी. तो गेला. फेब्रुवारीच्या सुरुवातीला आजारी पडला, आणि ११ फेब्रुवारी १६५० ला फ्रेंच राजदूताच्या घरी न्यूमोनियाने वारला.

१६६३ मध्ये चर्चने त्याचे ग्रंथ निषिद्ध यादीत टाकले. १६६६ मध्ये त्याचे अवशेष फ्रान्सला नेले, पण कवटी मागेच राहिली आणि हातोहात फिरत १८२१ मध्ये पॅरिसला पोहोचली. म्हणजे शरीर आणि डोकं वेगळं मानणाऱ्या माणसाचं डोकं खरंच वेगळं राहिलं.

असो. तर मुद्दा एवढाच, की कार्टेशियन हा शब्द आता लिहाल तेव्हा त्यामागे हा खोकणारा, उशिरा उठणारा, लेकीसाठी रडलेला, चुकलेला आणि तरीही पायरी पायरीने जाणारा माणूस आठवू द्या. आणि पुढच्या प्रॅक्टिकलला कीबोर्डला हात लावण्याआधी कागदावर मधोमध एक रेघ मारा. डावीकडे लिहा काय दिलेलं आहे, उजवीकडे लिहा काय काढायचंय. डावी बाजू म्हणजे तुमचे पॅरामीटर. ती बाजू स्वतः भरता आली तर दुसऱ्याची फाईल मागायची गरज पडत नाही, आणि भरता आली नाही तर मागितलेली फाईलही ओरलला वाचवत नाही.

आमच्या मजल्यावरच्या त्या तिसऱ्याने एवढं वाचलं असेल तर एक सांगतो. देकार्त सिलॅबसमध्ये नाही हे खरं आहे. सिलॅबस त्याच्यात आहे.